इटालियन कोंजुंतीवो प्रेझेंते : अनियमित क्रियापदांचे तक्ते पाठ न करता

इटालियनचे दोन-तीन भूतकाळ आणि भविष्यकाळ अंगवळणी पडले की पुस्तकात 'कोंजुंतीवो प्रेझेंते'चा, म्हणजे इच्छा, शंका, भीती सांगणाऱ्या क्रियापदरूपाचा, धडा येतो. पहिल्या पानावर नियमित क्रियापदं असतात आणि पुढे पानंच्या पानं अनियमित क्रियापदांचे तक्ते. बरेच जण हे तक्ते घोकायला बसतात, आठ दिवसांत कंटाळतात आणि 'पेन्सो के…' (मला वाटतं की…) नंतर साधा वर्तमानकाळ लावून मोकळे होतात. समोरच्या इटालियन माणसाला अर्थ कळतो, म्हणून ती सवय तशीच राहते.

माझं म्हणणं असं की या तक्त्यांची गरज नाही. कोंजुंतीवोची जवळजवळ सगळी अनियमित रूपं तुम्हाला आधीपासून येणाऱ्या दोन रूपांतून निघतात. खरोखर पाठ करायची क्रियापदं पाच आहेत. शिवाय हा अर्थ मराठीत आपण रोज वापरतो, त्यामुळे कुठे वापरायचं याची निम्मी समजही आपल्यापाशी आहे. उरलेल्या निम्म्यात मराठी आपल्याला चकवते, तिथे मात्र जपून राहावं लागतं.

ही मेहनत कोणासाठी? मिलान, तोरिनो, बोलोन्याला शिकायला जाणाऱ्यांसाठी, बारामती-रांजणगावसारख्या ठिकाणी इटालियन कंपन्यांशी कामाचा संबंध येणाऱ्यांसाठी आणि इटलीत स्थायिक झालेल्यांसाठी. लग्नाच्या किंवा वास्तव्याच्या आधारावर इटालियन नागरिकत्व मागताना 2018च्या अखेरीपासून बी-वन पातळीचा भाषेचा दाखला लागतो, आणि कोंजुंतीवोची ओळख साधारण याच पातळीवर होते.

आधी उच्चाराचं

इथे इटालियन शब्द देवनागरीत लिहिले आहेत. त्यातला 'च' हा 'चहा'तला, 'चमच्या'तला नाही. 'ज'सुद्धा 'जन्म'मधला. एकाच व्यंजनाचं जोडाक्षर दिसलं की ते व्यंजन खरंच दुप्पट दाबून म्हणायचं: 'फाच्चा', 'देब्बा', 'साप्पिआ'. ही दुप्पट व्यंजनं कोंजुंतीवोत पावलोपावली येतात, आणि देवनागरीत ती डोळ्यांना लगेच दिसतात हा आपला फायदा आहे. सर्वनामं अशी: इओ (मी), तू (तू), लुई आणि लेई (तो, ती), नोई (आम्ही), वोई (तुम्ही, अनेकवचनी), लोरो (ते). आदरार्थी 'तुम्ही'लाही 'लेई'च म्हणतात. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

मराठीत हे रूप कुठे आहे

साधा वर्तमानकाळ, ज्याला इटालियनमध्ये 'इंदिकातीवो' म्हणतात, घडणारी गोष्ट सांगतो: 'तो येतो.' कोंजुंतीवो इच्छा, शंका, भीती, गरज, अंदाज सांगतो. मराठीत यासाठी दोन जागा आहेत. एक विध्यर्थ: 'तू यावंस', 'तो घरी असावा', 'त्यांनी खरं सांगावं'. दुसरी जागा म्हणजे आज्ञार्थाचं ते ओकारान्त रूप, जे आशीर्वादात आणि शापात येतं: 'यश मिळो', 'देव न करो', 'काहीही होवो'.

या दुसऱ्या रूपाशी इटालियनचं इतकं जुळतं की त्याचा उपयोग करून घ्यायलाच हवा. 'असणे' या अर्थाच्या 'एस्सेरे'चं कोंजुंतीवो आहे 'सीआ'. 'श्रीमंत असोत की गरीब' याला इटालियन म्हणतात 'सीआ रिक्की सीआ पोवेरी'. 'काहीही असो' म्हणजे 'कोमूंक्वे सीआ'. 'देव न करो' म्हणजे 'दिओ नोन वोल्या', शब्दशः 'देवाची तशी इच्छा नसो'. प्रार्थनेच्या शेवटी 'आमेन'ऐवजी म्हणतात ते 'कोझी सीआ' म्हणजे 'तसंच होवो'. घोषणांमधलं 'वीवा' हे 'वीवेरे' (जगणे) या क्रियापदाचं कोंजुंतीवोच आहे: 'वीवा लितालिआ', इटलीचा विजय असो. तेव्हा 'सीआ' दिसलं की मनात 'असो' किंवा 'असावा' म्हणा. अर्थाची बाजू लवकर बसते.

पहिली पायरी: 'इओ'चं रूप घ्या

साध्या वर्तमानकाळातलं 'इओ'चं रूप आठवा, शेवटचा 'ओ' काढा, 'आ' लावा. झालं. हेच रूप इओ, तू आणि लुई-लेई या तिघांना चालतं.

फारे (करणे): इओ फाच्चो → फाच्चा
आंदारे (जाणे): इओ वादो → वादा
वेनीरे (येणे): इओ वेंगो → वेंगा
दीरे (सांगणे): इओ दीको → दीका
उशीरे (बाहेर पडणे): इओ एस्को → एस्का
पोतेरे (शकणे): इओ पोस्सो → पोस्सा
वोलेरे (इच्छा असणे): इओ वोल्यो → वोल्या
तेनेरे (धरणे, ठेवणे): इओ तेंगो → तेंगा
रिमानेरे (राहणे, थांबणे): इओ रिमांगो → रिमांगा
बेरे (पिणे): इओ बेवो → बेवा

म्हणजे अनियमितपणा कोंजुंतीवोत नव्यानं आलेला नाही. तो वर्तमानकाळात तुम्ही आधीच शिकला आहात, तोच इथे वाहत आला आहे. 'वेंगो'मधला 'ग' आला कुठून हे कोडं पहिल्या पातळीवर सोडवून झालेलं असतं. आता फक्त शेवटचा स्वर बदलायचा.

एक रूप लोकांना अडवतं. 'पिआचेरे' (आवडणे) आपण नेहमी 'मी पिआचे' (मला आवडतं) असंच वापरतो, त्यामुळे त्याचं 'इओ'चं रूप कधी तोंडात येतच नाही. ते आहे 'पिआच्चो', 'मी (कुणाला तरी) आवडतो'. म्हणून कोंजुंतीवो 'पिआच्चा'. 'तुला ही जागा आवडावी अशी आशा आहे' म्हणजे 'स्पेरो के ती पिआच्चा क्वेस्तो पोस्तो'. हे रोजच्या बोलण्यात फार लागतं, वेगळं लक्षात ठेवा.

तीन पुरुषांना एकच रूप असल्यामुळे एक सवय बदलावी लागते. मराठीप्रमाणे इटालियनमध्येही सर्वनाम बहुतेक वेळा गाळतात. कोंजुंतीवोच्या एकवचनात, विशेषतः 'तू'च्या बाबतीत, गाळू नका. 'वोल्यो के वेंगा' ऐकणाऱ्याला तो यावा की तू यावंस हे कळत नाही. 'वोल्यो के तू वेंगा' म्हणा.

दुसरी पायरी: 'नोई' आणि 'वोई'

'नोई'साठी काहीच करायचं नाही. साध्या वर्तमानकाळातलं 'नोई'चं रूप जसंच्या तसं वापरा. याला अपवाद नाही, नियमित असो वा अनियमित. फाच्चामो, आंदिआमो, वेनिआमो, दिचामो, उश्शामो, पोस्सिआमो, वोल्यामो.

'वोई'साठी त्याच रूपातला शेवटचा 'मो' काढून 'ते' लावा: फाच्चाते, आंदिआते, वेनिआते, दिचाते, उश्शाते, पोस्सिआते, वोल्याते.

इथे थोडं थांबून ऐका. 'वादा' आणि 'आंदिआमो' एकाच क्रियापदाची रूपं आहेत. 'एस्का' आणि 'उश्शामो'सुद्धा. एकवचनाचं मूळ नोई-वोईत शिरवलं की 'वादिआमो', 'एस्कामो' अशी रूपं तयार होतात आणि ती चूक असतात. म्हणूनच मी दोन रूपं म्हणतो: 'इओ'वरून चार (इओ, तू, लुई, लोरो), 'नोई'वरून दोन. दोन्ही गट मनात वेगळे ठेवले की गोंधळ होत नाही.

तिसरी पायरी: 'लोरो' आणि आघात

'लोरो'साठी एकवचनाच्या रूपाला 'नो' जोडा: फाच्चानो, वादानो, वेंगानो, दीकानो, एस्कानो, पोस्सानो, वोल्यानो.

लिहायला हे सोपं, बोलायला नाही. शब्द तीन अक्षरांचा झाला तरी आघात पहिल्याच अक्षरावर राहतो: वादानो, दीकानो, पोस्सानो. इटालियनमध्ये आघात बहुधा शेवटून दुसऱ्या अक्षरावर असतो, आणि आपली जीभ त्या सवयीनं 'वादानो'तल्या 'दा'वर जोर द्यायला जाते. ते कानाला खटकतं. एकवचनाचं रूप आधी म्हणा, मग त्याच ठेक्यात 'नो' हळूच जोडा: वादा, वादानो. दीका, दीकानो. नोई-वोईत मात्र आघात पुढे सरकतो: आंदिआमो, आंदिआते.

आणखी एक बारकावा. साध्या वर्तमानकाळात 'ते येतात' म्हणजे 'वेंगोनो', कोंजुंतीवोत 'वेंगानो'. 'दीकोनो' आणि 'दीकानो', 'पोस्सोनो' आणि 'पोस्सानो'. फरक फक्त मधल्या स्वराचा, तोही आघात नसलेल्या. परीक्षेतल्या ऐकण्याच्या भागात नेमका तोच स्वर धूसर येतो, त्यामुळे कान वाक्याच्या सुरुवातीकडे ठेवा: आधी 'स्पेरो के' आलं असेल तर पुढे 'आनो'च असणार. 'जाणे' आणि 'करणे' इथे उलट फार दूर जातात. वर्तमानकाळात 'वान्नो' आणि 'फान्नो', कोंजुंतीवोत 'वादानो' आणि 'फाच्चानो'.

पाठ करायची पाच

'ओ'चा 'आ' करण्याचा नियम कुठे लागू पडत नाही? इटालियनमध्ये चार क्रियापदांचं 'इओ' रूप एका अक्षराचं आहे: 'ओ' (माझ्याकडे आहे), 'सो' (मला माहीत आहे), 'दो' (मी देतो), 'स्तो' (मी आहे, मी राहतो). त्यातून स्वर काढला तर उरतं काय? म्हणून ही चार आणि पाचवं 'एस्सेरे', एवढी पाच पाठ करा.

एस्सेरे (असणे): सीआ, सीआ, सीआ, सिआमो, सिआते, सीआनो
आवेरे (जवळ असणे): आब्बिआ, आब्बिआ, आब्बिआ, आब्बिआमो, आब्बिआते, आब्बिआनो
सापेरे (माहीत असणे): साप्पिआ, साप्पिआ, साप्पिआ, साप्पिआमो, साप्पिआते, साप्पिआनो
दारे (देणे): दीआ, दीआ, दीआ, दिआमो, दिआते, दीआनो
स्तारे (असणे, राहणे): स्तीआ, स्तीआ, स्तीआ, स्तिआमो, स्तिआते, स्तीआनो

यातही 'नोई'चं रूप वर्तमानकाळातलंच आहे हे पाहा. 'आब्बिआ' आणि 'साप्पिआ'ही 'आब्बिआमो', 'साप्पिआमो'वरून सहज आठवतात, फक्त 'मो' काढायचा. 'सीआ, दीआ, स्तीआ' हे तिघं एका सुरात म्हणता येतात.

पुस्तकं 'दोवेरे' (करावं लागणे) या क्रियापदालाही अपवादात टाकतात, कारण 'इओ देवो' असूनही कोंजुंतीवो 'देब्बा' होतं. पण इटालियनमध्ये 'देवो'च्या जोडीला 'देब्बो' असंही 'इओ'चं रूप आहे. आज ते कमी ऐकू येतं, इतकंच. 'देब्बो' → 'देब्बा', लोरो 'देब्बानो', आणि 'नोई'वरून 'दोब्बिआमो, दोब्बिआते'. नियम पाळलाच की! 'देवा' हे रूपही अस्तित्वात आहे, पण तुम्ही 'देब्बा'च वापरा.

'वादी' आणि 'फाच्ची': इटालियन लोकही जिथे घसरतात

नियमित क्रियापदांत '-आरे' शेवट असलेल्यांना कोंजुंतीवोत 'ई' लागतो: 'पार्लारे' (बोलणे) → 'के इओ पार्ली', लोरो 'पार्लीनो'. '-एरे' आणि '-ईरे'वाल्यांना 'आ' लागतो: 'प्रेंदा', 'पार्ता', 'फिनिस्का'. आता 'आंदारे', 'फारे', 'दारे', 'स्तारे' ही चारही '-आरे'नं संपतात. साहजिकच कुणीतरी 'वादी', 'फाच्ची' म्हणतं. ही रूपं इटलीत अडाणीपणाची खूण मानली जातात आणि विनोदी सिनेमांनी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या हशा मिळवला आहे. परदेशी माणसाला कोणी हसत नाही, पण कामाच्या पत्रात असं रूप गेलं की वाचणारा अडखळतो.

यातून एक मोठा आणि सोपा नियम हाती येतो, जो पुस्तकात असा एका जागी क्वचित मिळतो. नियमित '-आरे' क्रियापदं सोडली, तर बाकी सगळ्यांना कोंजुंतीवोच्या एकवचनात 'आ'च लागतो. वरच्या चार '-आरे' क्रियापदांनाही 'आ': वादा, फाच्चा, दीआ, स्तीआ. शंका आली की स्वतःला एवढंच विचारा: हे क्रियापद नियमित '-आरे' आहे का? असेल तर 'ई', नसेल तर 'आ'.

'लेज्जेरे' (वाचणे), 'विंचेरे' (जिंकणे), 'कोनोशेरे' (ओळखणे) यांबद्दलही विचारणा होते. ही अनियमित नाहीत, फक्त आवाज बदलतो. 'इओ लेग्गो'मध्ये 'ग' आहे म्हणून 'लेग्गा', पण 'नोई लेज्जामो'. तसंच 'विंका', 'विंचामो' आणि 'कोनोस्का', 'कोनोशामो'. इटालियन वर्णांत पाहिलं तर हा बदल लपून राहतो. देवनागरीत लिहून काढा, तो स्वच्छ दिसतो. मी शिकणाऱ्यांना वहीत शेजारी देवनागरी लिहायला सांगते ती याचसाठी.

कुठे वापरायचं, आणि मराठी कुठे चकवते

इच्छा आणि गरज सोपी, कारण मराठीतही विध्यर्थच येतो.

'तू माझ्याबरोबर यावंस अशी माझी इच्छा आहे': वोल्यो के तू वेंगा कोन मे.
'तुम्ही लगेच जावं हे बरं': ए मेल्यो के वोई आंदिआते सूबितो.
'त्यांना येता यावं अशी आशा आहे': स्पेरो के लोरो पोस्सानो वेनीरे.

अंदाजात मराठी दोन्ही चालवते. 'मला वाटतं तो घरी आहे' आणि 'तो घरी असावा', दोन्ही बरोबर. इटालियनमध्ये नीटनेटक्या भाषेत एकच: पेन्सो के लुई सीआ आ काझा. 'क्रेदो के' (माझा समज आहे की), 'मी सेंब्रा के' (मला भासतं की), 'ए पोस्सीबिले के' (शक्य आहे की) यांच्या मागेही तसंच. बोलताना 'पेन्सो के ए…' असं साधं रूप इटलीत खूप ऐकू येतं आणि त्याची फार चिंता करू नका. परीक्षेत आणि लेखी भाषेत मात्र कोंजुंतीवोच लिहा. गोष्ट पुढची असेल तर भविष्यकाळही चालतो: 'पेन्सो के वेर्रा दोमानी', तो उद्या येईल असं वाटतं.

खरा चकवा भावनेचा. 'तू इथे आहेस याचा मला आनंद आहे.' तू इथे आहेस ही वस्तुस्थिती आहे, शंका कसलीच नाही, म्हणून मराठी मन साधं रूप मागतं. इटालियन मात्र कोंजुंतीवो वापरतं: 'सोनो कोंतेंतो के तू सीआ क्वी' (बोलणारी स्त्री असेल तर 'कोंतेंता'). 'मी दिस्प्याचे के…' (वाईट वाटतं की…), 'ओ पाऊरा के…' (भीती वाटते की…) यांचंही तेच. इथे मराठीचा आधार सोडा आणि वाक्याच्या सुरुवातीकडे पाहा. सुरुवातीला भावना असेल, तर 'के'नंतर कोंजुंतीवो.

उभयान्वयी शब्दांपैकी चार पक्के करा. 'बेंके' (जरी… तरी): बेंके स्तीआ माले, वा आल लावोरो, बरं नसलं तरी तो कामावर जातो. 'प्रीमा के' (आधी): प्रीमा के तू एस्का, क्यूदो ला फिनेस्त्रा, तू बाहेर पडण्याआधी मी खिडकी बंद करते. 'सेंत्सा के' (न… ता): सेंत्सा के लुई लो साप्पिआ, त्याला कळू न देता. चौथा शब्द 'पेर्के', आणि याला दोन अर्थ आहेत. 'कारण' या अर्थी साधं रूप, 'म्हणून, यासाठी' या अर्थी कोंजुंतीवो. 'ती दो ला क्यावे पेर्के तू पोस्सा एंत्रारे': तुला आत जाता यावं म्हणून किल्ली देतो. 'पोस्सा' ऐकलं की हेतू, साधं 'पुओई' ऐकलं की कारण. एका रूपावर अख्ख्या वाक्याचा अर्थ फिरतो.

शोधाच्या वाक्यातही असंच होतं. मराठी बोलणारं कुणी मिळतंय का हे शोधत असाल तर 'चेर्को क्वाल्कूनो के साप्पिआ पार्लारे मराठी', कारण असा माणूस अजून मिळालेला नाही. मिळाला, ओळखीचा झाला, की 'कोनोस्को ऊनो के सा पार्लारे मराठी', साधं 'सा'. 'सगळ्यात सुंदर' अशी तुलना असेल तिथेही कोंजुंतीवो: 'ए इल प्यू बेल पोस्तो के ची सीआ', असेल नसेल तेवढ्यात ही सर्वात सुंदर जागा.

आणि कुठे वापरायचं नाही? 'सो के' (मला माहीत आहे), 'ए चेर्तो के' (नक्की), 'सेकोंदो मे' (माझ्या मते), 'फोर्से' (कदाचित), 'आंके से' (जरी) आणि 'दोपो के' (नंतर) यांच्यामागे साधं रूप. 'बेंके' आणि 'आंके से' यांचा अर्थ एकच असून वागणं वेगळं आहे, हे परीक्षेत हमखास विचारतात.

वाटणं, इच्छा, भावना सांगणाऱ्या वाक्यांत दोन्ही भागांचा कर्ता एकच असेल तर कोंजुंतीवो येत नाही. 'मी उद्या जाईन असं मला वाटतं' म्हणजे 'पेन्सो दी आंदारे दोमानी'. 'पेन्सो के इओ वादा' असं कोणी म्हणत नाही.

रोजच्या व्यवहारातलं 'लेई'

कोंजुंतीवो म्हणजे वरच्या वर्गाचं व्याकरण असं कुणी समजू नये. इटलीत पाय ठेवल्यापासून तो कानावर पडतो, कारण अनोळखी किंवा वडीलधाऱ्या माणसाला आदरानं काही सांगताना हेच रूप वापरतात. आपण 'बसावं', 'यावं' म्हणतो, त्याच वळणाचं.

दीर्घ वास्तव्यासाठी गेलेल्या माणसाला पोहोचल्यावर कामकाजाच्या 8 दिवसांत 'पेर्मेस्सो दी सोज्जोर्नो', म्हणजे राहण्याचा परवाना, मागावा लागतो. आधी टपाल कार्यालय, मग पोलिसांचं 'क्वेस्तूरा'. तिथल्या खिडकीवर तुम्हाला साधारण हे ऐकू येईल:

'प्रेंदा ऊन नूमेरो.' नंबर घ्या.
'आस्पेत्ती क्वी.' इथे थांबा.
'वेंगा, सी आक्कोमोदी.' या, बसा.
'मी दीका.' बोला.
'मी दीआ इल पास्सापोर्तो.' पासपोर्ट द्या.
'मेत्ता इल दीतो क्वी.' इथे बोट ठेवा.
'फीर्मी क्वी.' इथे सही करा.
'आब्बिआ पात्सिएंत्सा.' जरा धीर धरा.
'तोर्नी लुनेदी.' सोमवारी या.

आता वरचा नियम लावून पाहा. 'आस्पेत्ती, आक्कोमोदी, फीर्मी, तोर्नी' यांत 'ई', कारण ती नियमित '-आरे' क्रियापदं आहेत. 'प्रेंदा, मेत्ता' यांत 'आ', ती '-एरे'. 'वेंगा, दीका, दीआ, आब्बिआ' ही आपली अनियमित. रस्ता विचारला तर उत्तर येतं, 'वादा सेंप्रे द्रित्तो, पोई जीरी आ देस्त्रा': सरळ जा, मग उजवीकडे वळा. एकाच वाक्यात 'आ' आणि 'ई' शेजारी. दुकानदार 'दीका!' म्हणतो तेव्हा 'बोला, काय देऊ?' असं विचारतो. हातात वस्तू ठेवताना 'तेंगा', घ्या. दार अडवून उभं असताना कुणी 'फाच्चा पूरे' म्हणालं तर तुमचं चालू द्या.

सर्वनामाची जागा इथे महत्त्वाची. मित्राला 'दिम्मी' (मला सांग), तिथे इटालियन 'मी' (मला) मागे चिकटतो. आदरार्थी रूपात तो पुढे आणि सुटा: 'मी दीका', 'मे लो दीका'. नकारातही सोपं: 'नोन वादा', 'नोन सी प्रेओक्कूपी' (काळजी करू नका).

जोडीला भूतकाळ फुकट मिळतो

'सीआ' आणि 'आब्बिआ' पक्के झाले की कोंजुंतीवोचा भूतकाळ लगेच तयार होतो. 'क्रेदो के सीआ पार्तीतो', तो निघाला असावा. 'स्पेरो के आब्बिआनो मांजातो', ते जेवले असतील अशी आशा. मूळ वाक्यात 'ए' किंवा 'सोनो' लागत असेल तिथे 'सीआ'-'सीआनो', 'आ' किंवा 'आन्नो' लागत असेल तिथे 'आब्बिआ'-'आब्बिआनो'. म्हणून पाचांतही आधी हीच दोन पाठ करा.

सराव

खालच्या क्रियापदांची 'इओ' आणि 'नोई' रूपं दिली आहेत. उत्तर न बघता सहाही रूपं मोठ्यानं म्हणा. लिहू नका, आधी म्हणा, कारण 'लोरो'चा आघात लिहिताना कळत नाही.

शेल्येरे (निवडणे): शेल्गो, शेल्यामो
त्रादुर्रे (भाषांतर करणे): त्रादूको, त्रादुचामो
रिउशीरे (जमणे): रिएस्को, रिउश्शामो
स्पेन्येरे (विझवणे, दिवा बंद करणे): स्पेंगो, स्पेन्यामो

आता ही वाक्यं इटालियनमध्ये करा.

1. तू खरं सांगावंस अशी तिची इच्छा आहे.
2. ते आज उशिरा बाहेर पडत असावेत असं मला वाटतं.
3. तुम्ही सगळ्यांनी इथेच थांबावं हे बरं.
4. त्याला पाव आवडतो याचा मला आनंद आहे.
5. उद्या घरीच राहावं असा माझा विचार आहे.
6. माझ्या माहितीप्रमाणे तो घरी नाही.

क्रियापदांची उत्तरं: शेल्गा (तिन्ही), शेल्यामो, शेल्याते, शेल्गानो. त्रादूका, त्रादुचामो, त्रादुचाते, त्रादूकानो. रिएस्का, रिउश्शामो, रिउश्शाते, रिएस्कानो. स्पेंगा, स्पेन्यामो, स्पेन्याते, स्पेंगानो. 'त्रादूकानो'त आघात 'दू'वर आहे.

वाक्यांची उत्तरं: (1) वुओले के तू दीका ला वेरिता. (2) पेन्सो के ओज्जी एस्कानो तार्दी. (3) ए मेल्यो के वोई रिमानिआते क्वी. (4) सोनो कोंतेंतो के ल्यी पिआच्चा इल पाने. (5) पेन्सो दी रिमानेरे आ काझा दोमानी. (6) के इओ साप्पिआ, नोन ए आ काझा.

तिसऱ्यात 'रिमांगाते' म्हणालात, तर दुसरी पायरी पुन्हा वाचा. चौथ्यात 'पिआचे' आलं असेल, तर भावनेच्या चकव्यात सापडलात. पाचव्यात 'पेन्सो के' सुरू केलंत, तर कर्ता एकच आहे हे नजरेतून सुटलं. सहाव्यात 'के इओ साप्पिआ' एवढ्याच ठरीव तुकड्यात कोंजुंतीवो आहे. मुख्य वाक्यात साधं 'ए'च येतं, तिथे 'सीआ' घालू नका.

पहिल्या आठवड्यात फक्त 'सीआ, आब्बिआ, वादा, फाच्चा, पोस्सा' एवढीच घ्या आणि प्रत्येकाचं 'स्पेरो के'नं सुरू होणारं एक वाक्य रोज नवं करा, आपल्या त्या दिवसाबद्दल. पुढच्या आठवड्यात 'वेंगा, दीका, साप्पिआ, स्तीआ, देब्बा'. यापुढची क्रियापदं वाचता-ऐकताना समोर येतील तेव्हा त्यांचं 'इओ' आणि 'नोई' रूप वहीत लिहा, बाकीची चार रूपं तिथल्या तिथे बनवून म्हणा.